वरताळा

धान्य मापताना माझा बाप कधी ‘एक’ म्हणाला नाही.
पहिल्या पायलीला म्हणायचा, ‘लाभ’.
मग दोन, मग तीन.
आणि रास संपली की वर एक ओंजळ, न मोजलेली.
ती वरताळा.

मी पास्कू बारदेस्कर, मूळचा गडहिंग्लजकडचा.
सांगलीच्या मार्केट यार्डात एकतीस वर्षं तोलार.
माझ्या हाती माप नव्हतं, काटा होता.
काट्याला लाभ नाही, वरताळा नाही.
पोत्यामागं कडता तेवढा आहे:
बारदानाचा, ओलीचा, मातीचा,
शेठच्या मर्जीचा.

एका मार्चात कवठेपिरानची बाई आली.
अकरा पोती राजापुरी, पॉलिश केलेली.
सोबत कोणी नाही. पट्टीचा कागद उलटा धरलेला.
शेठनं माझ्याकडं बघितलं, बोलला काहीच नाही.
मी फळीखाली पायाचा अंगठा सरकवला
आणि उचलून धरला, पोत्यामागं
दीड किलोएवढा.
साडेसोळा किलो. अंगठ्याचा हिशेब पक्का असतो.

त्या पैशांतून फिलोमेनाचा फ्रॉक आला,
पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा.
जाळीच्या बाह्या, गुडघ्याखाली लेस.
ती वेदीकडं चालत गेली, मी बाकावर बसून राहिलो.
मग बावीस वर्षं बसूनच राहिलो.
लोकांना वाटलं, पास्कूचे गुडघे दुखतात.

मागच्या उपवासकाळात नवे फादर आले,
चाळिशीही न गाठलेले.
जाळीपलीकडून सगळं ऐकलं.
म्हणाले, ज्यांचं घेतलं त्यांचं परत करा,
आणि तीन वेळा ‘नमो मरिये’ म्हणा.
मी म्हणालो, फादर, बावीस वर्षांचे फक्त तीन?
ते खोकले.
म्हणाले, बरं, दोन म्हणा.

मला राग आला, खरं सांगतो.
मागच्या बाकावर जाऊन गुडघे टेकले.
नमो मरिये, कृपेने भरलेली...
आणि तिथंच अडकलो.
भरलेली म्हणजे किती?
कुणी भरली, कुठल्या पायलीनं?
काठासपाट, की शीग लावून,
की शीग सांडून खाली पायांवर पडेपर्यंत?
पहिली संपली तेव्हा तोंडातून निघून गेलं,
‘लाभ’.
शेजारची म्हातारी वळून बघायला लागली.
दुसरी म्हटली. पुढच्या मोजल्या नाहीत.

कवठेपिरानला एस्टीनं गेलो.
बाई नव्हती. महापुरानंतरच्या थंडीत गेली.
सून गोठ्यातून आली, शेणाचे हात आडवे धरून.
साडेसोळा किलोचे आजच्या भावानं पैसे,
वर जमतील तेवढे.
तिनं हात धुतले, नोटा दोनदा मोजल्या,
मग म्हणाली, अगंबाई, ते तुम्ही होय!
सासूबाई सांगायच्या की,
तोलाराचा अंगठा हालत होता म्हणून.
बोलल्या का न्हाईत मग? मी विचारलं.
म्हणायच्या, असंल त्याच्याबी घरात काय तरी.

म्हणजे बावीस वर्षं
मी ज्या दारावर जायला भीत होतो
ते उघडंच होतं,
आणि आतली बाई चहाला आधण ठेवून
कामाला निघून गेली होती.

निघताना सुनेनं हळद दिली, घरी दळलेली,
वर्तमानपत्राच्या कागदात.
किती झाली, मी सवयीनं विचारलं.
ती हसली. हातानंच घातलीया, म्हणाली.

रविवारी सदऱ्याच्या खिशात पुडी फुटली.
नळाखाली हात घासले, साबण लावला,
रंग हटेना.
तसाच रांगेत उभा राहिलो.
उजव्या हातावर डावा ठेवला,
दोन्ही पिवळे, हळदीला बसलेल्या नवरदेवासारखे,
साठीनंतरच्या.
फादर तळव्याकडं बघून क्षणभर थांबले.
ख्रिस्ताचं शरीर.
आमेन म्हणायला मला वेळ लागला,
मागं रांग तुंबली.
काठाला जरा पिवळं झालं होतं.
जिभेवर ठेवलं. किंचित कडू.

फिलोमेना आता मिरजेला नर्स आहे.
फ्रॉक अजून तिच्या ट्रंकेत आहे, घड्या घालून.
तिला यातलं काही ठाऊक नाही.
सुट्टीला आली की सांगेन.
बहुतेक सांगेन.